आवतनात सोडलेली जागा

येळवशीचं आवतन मी जन्मभर स्वतःच्या पायानं जाऊन दिलं. आमच्याकडं, म्हणजे नळदुर्ग-जळकोटच्या अंगाला, मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे येळवस, आली की गावं ओस पडतात अन् रानं भरतात. शेतात कडब्याची कोपी उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर खायची आणि वर मातीच्या बिंदगीतली थंडगार आंबील प्यायची. ज्याला रान आहे त्यानं रान नसलेल्याला बोलवायचं. शिंपी, मास्तर, दुकानदार, हायवेवरचा पंक्चरवाला. त्या दिवशी असा माणूस घरी बसून जेवला तर लाज आम्हा रानवाल्यांची.

आता आवतनाची रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळंच झाला. दारातून "या बरं का" म्हणून पुढं जायचं नसतं. घरात जायचं, बसायचं, पाणी प्यायचं. बरं हाय का, सुना-लेकरं कशी हायत, म्हैस दूध देती का, हे सगळं विचारायचं. त्यानं सांगायचं, आपण ऐकायचं. पोटातली गोष्ट पोटात ठेवायची. मग घरधनी म्हणतो, "बरं, आज काय काढलंत?" तो असं म्हणल्याशिवाय आवतन ओठावर आणायचं न्हाई. वडलांनी मला शिकवलं होतं की न विचारता दिलेलं आवतन म्हणजे दारातून आत फेकलेली भाकर. समोरच्याला काय काढलंत म्हणून विचारताना कळलेलंच असतं, तरीबी तो विचारतो आणि आपणबी नवीन काही सांगतोय अशा तोंडानं सांगतो. त्यात लई गोडी असती.

तर गेल्या येळवशीच्या आधी सोलापूरच्या एका दवाखान्यात माझा उजवा गुडघा बदलला. डॉक्टर पोरसवदा होता पण हात चांगला. त्यानं बजावलं की घरातल्या घरात वॉकर घेऊन फिरा, गावभर हिंडायचं न्हाई. मी म्हणलं, आवतनं कोण देणार? तो म्हणला, कसली आवतनं? त्याला काय सांगणार, तो नगरकडचा.

घरी आल्यावर मला खरी टोचणी लागली. ऑपरेशनचं दुखणं मी दातावर दात ठेवून काढलं, पण कोपीपुढं फक्त घरचीच चार माणसं बसल्यात अन् आंबील उरलीया, हे चित्र डोळ्यापुढून जाईना. आमच्या रानातली पंगत कधी मोकळी राहिली न्हाई. वडलांच्या वेळेला न्हाई, माझ्या वेळेला न्हाई. आणि मनात आणखी एक होतं, ते कुणाला बोललो न्हाई. माणसं माझ्या भज्जीसाठी येतात, का मी त्यांच्या दारात जातो म्हणून येतात, ते मला कधी बघायची वेळच आली नव्हती. आता आली होती.

मुलगा म्हणला, "दादा, त्यात काय एवढं? छान फोटो टाकून ग्रुपवर सोडतो. एका बोटात सगळ्यांना आवतन."

"सगळ्यांना एकदम हाक मारायला मी काय दवंडीवाला हाय?"

"आवो, आता सगळं जग असंच करतंय."

"जग करू दे. आपल्या रानात कोपी हाय, जगाच्या रानात न्हाई."

तो कडबा आणायला निघून गेला. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला कडबा उचलणं हलकं वाटतं.

मोबाईलचं मला वावडं आहे असं कुणी समजू नये. पहिल्यांदा होतं. आता विहिरीवरची मोटर मी खाटेवरून फोन लावून चालू करतो, आणि आतली बाई "मोटर चालू झाली आहे" म्हणली की तिला "बरं बाई" म्हणतो. घरचे हसतात. हसू देत. काम केलेल्या माणसाला दोन शब्द बोलायला आपलं काय जातं? पावसाचा अंदाज सांगणारं तेवढं मी काढून टाकायला लावलं. ते रोज खोटं बोलायचं अन् वर हसऱ्या ढगाचं चित्र दाखवायचं.

शेवटी तोड काढली सुनेनं. ती अंगणवाडीत जाते, डोक्यानं हुशार आहे, आणि माझ्यापुढं कसं बोलावं ते तिला माझ्या पोरापेक्षा चांगलं कळतं. ती म्हणली, "मामा, लिहायचं न्हाई, फोटो न्हाई. तुमच्या आवाजातच पाठवा. एकेकाला वेगळं. तुम्ही बोलाल तस्संच त्याला ऐकू जाईल."

"एकेकाला वेगळं?"

"एकेकाला वेगळं."

हे मला पटलं. ती शिकवायला बसली. माईकचं चित्र दाबून धरायचं अन् बोलायचं. पण माझा अंगठा काही त्या काचेला कळेना. जन्मभर खुरपं-कुदळ धरलेला अंगठा, त्याची कातडी बैलाच्या खांद्यासारखी. दाबलं की सुटायचं. ओल्या फडक्यानं पुसलं, तेल लावून बघितलं, शेवटी करंगळीनं जमलं. मग तिनं दाखवलं की दाबून वर सरकवलं की कुलूप लागतं, हात सोडून पाहिजे तेवढं बोला. ते मला लई आवडलं. पाहिजे तेवढं बोलायला मिळणं ही साधी गोष्ट न्हाई. ज्याला पाठवायचं त्याचा फोटो कुठं दाबायचा तेही तिनं दाखवलं आणि ती कामावर गेली.

दुपारी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, पटका बांधला आणि ओसरीवर बसलो. आमची म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत होती.

"कुठं निघालाव?" ती म्हणली. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"कुठं न्हाई. आवतनं द्यायची हायत."

"मग पटका कुणाला दाखवायचाय? फोनला?"

"आवाजात कळतं, पटका हाय का न्हाई ते."

तिनं कपाळाला हात लावला, पण शेंगा सोलायचं थांबवून ऐकत बसली.

पहिलं आवतन आप्पांचं. आप्पा म्हणजे जळकोटचे वाणी, माझ्याच वयाचे, किराणा दुकान आता पोरं बघतात. घरात त्यांची कानडी, बाहेर मराठी, रागात दोन्ही एकदम. कोपीपुढं पहिली पत्रावळ त्यांची असते. मी कुलूप लावलं आणि त्यांच्याच कानडीत म्हणलं, "येन री आप्पा, आराम?" आणि थांबलो.

आता मी का थांबलो, ते नीट सांगतो. फोनमधून तवाच्या तवा उत्तर येणार न्हाई हे मला म्हाईत होतं. मी खुळा न्हाई. पण आप्पा जेव्हा ऐकतील तेव्हा ते काहीतरी म्हणतीलच की. विचारल्यावर माणूस बोलतोच. त्याला बोलायला जागा सोडायला नको? तो "आराम" म्हणेपर्यंत मी पुढचं रेटत गेलो तर माझं विचारणं खोटं. म्हणून मी प्रत्येक वाक्यापुढं माणसाच्या मानानं जागा सोडली. आप्पा हळू बोलतात, त्यांना जास्त. पंक्चरवाले चाचा तोंडाचे चपळ, त्यांना कमी. मास्तरांना सगळ्यात जास्त, कारण मास्तरांचं एक वाक्य सुरू झालं की तेवढ्यात माणूस चहा पिऊन येतो. जेवलाव का, थंडी कशी हाय, म्हैस कशी हाय, सून माहेराहून आली का, सगळं विचारलं. शेवटाला "काय काढलंत?" एवढं म्हणायला जागा सोडली आणि पाठवून दिलं.

"अन् आवतन?" म्हातारी म्हणली.

"त्यांनी विचारल्यावर."

"ते विचारणार कधी?"

"ऐकून झालं की विचारतील. त्यांच्याकडंबी माईक हायच की."

सगळी आवतनं व्हायला दुपार सरली. घसा कोरडा पडला, पण जीव निवला. घरोघर हिंडून आल्यासारखा दमलो होतो आणि त्या दमण्यानं बरं वाटलं.

मग मी वाट बघू लागलो. त्या दिवशी कुणाचं काही आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी न्हाई. सुनेला म्हणलं, जातं तरी का बघ. ती म्हणली, "गेलंय मामा, निळ्या खुणा आल्यात. सगळ्यांनी ऐकलंय."

ऐकलंय आणि गप्प! न ऐकलेलं परवडतं. त्या निळ्या खुणा मला सुयांसारख्या लागल्या. एवढी वर्षं ज्यांच्या ओट्यावर बसलो त्यांना "काय काढलंत" एवढे दोन शब्द जड झाले. सुनेनं विचारलं, "मामा, तुम्ही नीट बोलला होता ना?" मी म्हणलं, "मला बोलायला शिकवू नको." मी म्हातारीला सांगून टाकलं, "यंदा आंबील कमी लाव. घरचीच माणसं हायत." तिनं माझ्याकडं बघितलं आणि ज्वारीचं पीठ दरवर्षीएवढंच भिजवलं. ते मी ओसरीवरून बघितलं, तरी बघितलं न्हाई असं केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंक्चरवाले चाचा आले. पिशवीत केळी आणि सफरचंदं, आणि तोंड असं की मयतीला आलेत. आत आले, माझा हात दोन्ही हातात धरला.

"क्या दादा, क्या हो गया? डॉक्टर क्या बोल्या?"

"डॉक्टर काय बोलायचाय? बरा हाय मी."

"छुपाव नको. सगळ्यांना कळलंय."

"काय कळलंय?"

ते म्हातारीकडं वळले. "भाभी, दादांचा आवाज ऐकलाव का तुमी? एक लफ्ज बोलतेत, मग दम लागतो. फिर एक लफ्ज. फिर चुप. मी दुकानात सगळ्यांना ऐकवलं. एक ट्रकवाला तर रडकुंडीला आला."

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. चाचांना वाटलं ती रडतीया.

मी काही बोलायच्या आत फाटकातून मास्तर आले, पाठोपाठ शिंपी. मास्तरांच्या हातात शहाळं, शिंप्याच्या हातात देवाचा अंगारा. माझी तब्येत ढासळली हे त्यांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं. मास्तर म्हणले की लातूरला त्यांच्या ओळखीचा एक मोठा डॉक्टर आहे. शिंपी म्हणला, "शेवटाला तर लई वेळ आवाजच न्हाई. मी म्हणलं, गेलं का काय दादा!"

"कोण गेलं?" मी वॉकर धरून ताडकन उठलो. "तुमच्या आधी मी जात नसतो! थांबलो होतो मी. तुमी बोलावं म्हणून जागा सोडली होती."

"कशाला?"

"बरं हाय का म्हणल्यावर माणूस व्हय-न्हाय म्हणतो का न्हाई? का तसाच बघत बसतो?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे ती दमाची... ती शांतता म्हणजे... आमची पाळी होती?"

"मग कुणाची?"

"आणि शेवटची लांबलचक?"

"ती तर खास होती."

चाचा सगळ्यात आधी उमगले. त्यांनी केळ्यांची पिशवी खाली ठेवली, मांडी घालून बसले, म्हातारीला पाणी मागितलं, घोटभर प्यायले आणि माझ्याकडं बघून एकदम साळसूद तोंडानं म्हणले, "हां दादा. आज क्या काढलाव?"

"उद्या येळवस हाय," मी म्हणलं. "समद्यांनी रानात यायचं. पोराबाळांसकट."

मग जे हसू उठलं ते ऐकून शेजारच्या गल्लीतून माणसं बघायला आली. मास्तर तर डोळे पुसत होते. शिंप्यानं अंगारा मला लावला न्हाई, म्हातारीला लावला. म्हणला, खरी गरज हिला हाय, हा माणूस सांभाळती. त्यांना मी तिथंच सांगितलं की निरोप पुढं न्यायचा न्हाई, ज्याला मी बोललोय त्यानं इथं येऊन विचारावं, एवढंच सांगायचं. आणि दिवसभर माणसं येत राहिली. कुणी रागावून, कुणी हसत. फळं एवढी साचली की आमची म्हैस दोन दिवस केळाच्या साली खात होती.

पण आप्पा आले न्हाईत.

ऊन कलायला लागलं. मी फाटकाकडं बघतोय हे म्हातारीला दिसत होतं. ती म्हणली, "एक फोन लावा सरळ." मी म्हणलं, "न्हाई." तेवढ्यात जळकोटकडून एक टेम्पो आला आणि त्यातून आप्पा उतरले. कपाळावर भस्म, हातात काठी, आणि तोंड फुगलेलं. फळ न्हाई, काही न्हाई. ते फाटकातच उभे राहिले.

"या आप्पा."

"यायला आलो न्हाई. इचारायला आलोय. म्या तुमचं काय वाकडं केलंय?"

"काय झालं?"

"तुमी इचारलं, आराम? म्या म्हणलं, आराम. तुमी इचारलं, जेवलाव का? म्या म्हणलं, आत्ताच हात धुतला. तुमी इचारलं, म्हस कशी हाय? म्या म्हणलं, आटली. तुमी म्हणलाव, असू द्या, थंडी हाय."

ते मी खरंच म्हणलो होतो. म्हैस कशी हाय विचारून, जागा सोडून, पुढं आपलं बोलायचं म्हणून म्हणलो होतो, असू द्या, थंडी हाय. आणि ते तिथं नेमकं बसलं होतं.

"तुमी फोनशी बोललाव?" मुलगा मधेच म्हणला. तो कोपीचा कडबा टाकून आला होता.

"फोनशी कामून बोलू? दादांशी बोललो," आप्पा गरजले. "समदं नीट चाललं व्हतं. मग म्या इचारलं, काय काढलंत? हे गप. म्या परत इचारलं. गप. माझी सून दुकानात बघतीया, गिऱ्हाईक बघतंय. दोनदा इचारलं, तर ह्या माणसानं तोंडातून शब्द काढला न्हाई. मनात आलं, यंदा आपलं पान तोडलं ह्यांनी."

सगळ्यांत एक माणूस असा निघाला की ज्यानं मी सोडलेली एकूणएक जागा भरली होती, आणि रुसून बसला होता तोच. मला हसू येत होतं आणि डोळ्यात पाणीबी. म्हणलं, "आप्पा, बसा तरी. मग विचारा."

"आता इचारणार न्हाई. दोनदा इचारलंय."

"विचारल्याशिवाय मी तरी कसं सांगू?"

"म्या इचारलंय!"

"मला ऐकू आलं न्हाई!"

"तो माझा दोष हाय का?"

आप्पा ओसरीच्या त्या टोकाला बसले, मी ह्या टोकाला. पाणी आलं, दोघंबी प्यालो. ते बोलेनात, मी बोलेना. मुलगा म्हणला, "अरे देवा, दादा, या म्हणा की." मी म्हणलं, "तू गप." आप्पाबी त्याला गप म्हणले, कानडीत. म्हातारी बाहेर येऊन म्हणली, "बसा असंच. उद्या आमी समदे रानात जातो, तुमी दोघं घर राखा."

शेवटी आप्पांनी खिशातून मोबाईल काढला. डोळ्याजवळ नेऊन माझा फोटो दाबला आणि मोबाईल दोघांच्या मधी ओसरीवर ठेवला. त्यातून माझा आवाज आला, "येन री आप्पा, आराम?" आप्पा मोबाईलकडं बघून म्हणले, "आराम." आवाज म्हणला, "जेवलाव का?" आप्पा म्हणले, "व्हय." एकेक प्रश्न येत गेला, एकेक उत्तर पडत गेलं, कुठं धक्का न्हाई, कुठं घाई न्हाई. मला माझंच बोलणं चांगलं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हैस झाली, थंडी झाली, सुना झाल्या. मग फोन गप झाला. शेवटची जागा आली.

आप्पांनी मान वर केली न्हाई. फोनकडंच बघून तिसऱ्यांदा म्हणले, "बरं, काय काढलंत?"

"उद्या येळवस हाय आप्पा," मी म्हणलं. "रानात यायचं."

"येतो की," आप्पा म्हणले. "एवढंच व्हतं व्हय?"

येळवशीला मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीसकट चढवून नेलं. शाळू पोटऱ्यात आला होता, हरभऱ्याला घाटे धरले होते, करडई अंगाला टोचत होती. माणसं एवढी की दुसरी पंगत बसली, तिसरी बसली. पूजा झाल्यावर पिकावर आंबील शिंपायची असते. ते काम माझं. पण काळ्या रानात वॉकरचे पाय रुतून बसले, पुढंबी जाईना अन् मागंबी येईना.

"सोडा ते लोखंड," आप्पा म्हणले आणि त्यांनी माझा एक हात आपल्या खांद्यावर घेतला. दुसरा चाचांनी घेतला. एकाला भस्माचा वास, एकाला अत्तराचा. मागून सून ओरडत होती, "मामा, डॉक्टरांनी काय सांगितलंय!" मास्तर तिला समजावत होते, म्हणजे निदान पाव घंटा ती मोकळी होणार नव्हती. आम्ही तिघं शाळूत शिरलो. बिंदगी चाचांच्या काखेत, डहाळी माझ्या हातात.

"हळू," मी म्हणलं, "गुडघा नवा हाय."

"गुडघा नवा हाय, बाकी समदं जुनंच हाय," आप्पा म्हणले. "शिंपा आता, माझा खांदा अवघडला."

मी डहाळी बुडवली आणि असा फटकारा मारला की निम्मी आंबील शाळूवर पडली आणि निम्मी आप्पांच्या भस्मावर.